चौथा वाटा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये तोडलेलं मला चालणार नाही. मी दर्शना. अंधेरीतल्या एका कंपनीत लिनक्स नावाच्या संगणक प्रणालीच्या कर्नलवर काम करते. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला मुकादम. कोणतं काम कोणत्या प्रोसेसरवर आणि किती वेळ चालवायचं, हे त्याच्यातला शेड्युलर ठरवतो. बाबा गिरणीत होते, त्यामुळे मुकादम म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

त्या रविवारी दुपारी मी साकीनाक्याला गेले ती धाकट्या भावासाठी. नितेशने नोकरी सोडून तिथे एक गाळा भाड्याने घेतला होता आणि ॲल्युमिनियमचे भाग कापणारं जुनं मशीन, ते चालवणाऱ्या लिनक्सवाल्या संगणकासकट, विकत घेतलं होतं. नवीन ऑर्डर आली तसं मशीन अडखळायला लागलं. संगणकाचा हुकूम वेळेवर पोचायचा नाही, कटर थबकायचा आणि मग झटक्याने खाली यायचा. एकदा तो नितेशच्या बोटांना चाटून गेला. आईला आम्ही हे सांगितलंच नाही. मला त्याचा हात वाचवायचा होता, बाकी ऑर्डर गेली खड्ड्यात.

सुट्टीमुळे सगळी इंडस्ट्रियल इस्टेट ओस पडली होती. एरवी तिथे बोललेलं ऐकू येत नाही, पण त्या दिवशी माझ्याच चपलांचा आवाज पुढच्या वळणावरून परत येत होता. गाळ्याचं शटर अर्धं ओढलेलं. आत मशीनच्या तेलाचा आंबूस वास, आणि कोपऱ्यात आईने पूजेच्या दिवशी मांडलेलं केळीचं पान, आता वाळून काळं झालेलं. त्यावर भात, सुपारी आणि एक विडी ठेवली होती तिने.

"जागेक धनी असता गो," ती तेव्हा म्हणाली होती. "तेचो वाटो तेका देवक व्हयो." गावी राखणदाराला देतात ना, तसं.

"साकीनाक्यात कसला राखणदार, आई?" नितेशने तिची टर उडवली होती. "इथे स्कूटर लावायला जागा नाय मिळत!" मीही पोट धरून हसले होते.

मी संगणक उघडला. चार प्रोसेसर होते. तीन कामाने मेटाकुटीला आलेले. चौथा मात्र सेटिंगमध्येच बाजूला काढून ठेवलेला, त्यावर कोणतंही काम जाऊ द्यायचं नाही म्हणून. असं करतात आम्ही लोक, एखाद्या नाजूक कामासाठी प्रोसेसर राखून ठेवतो. पण इथे ते नाजूक कामसुद्धा त्यावर लावलेलं नव्हतं. म्हणजे तो कोणासाठीच नव्हता. आणि तरीही स्क्रीनवर तो काठोकाठ भरलेला दिसत होता. कशाने भरलाय, त्या रकान्यात नाव नव्हतं.

मोजमाप चुकतंय, असं म्हणून मी पुढे गेले. जे पटत नाही त्याला आमच्या धंद्यात मोजमापाची चूक म्हणतात.

"अरे, चौथा फुकट बसवून ठेवलाय कोणीतरी," मी म्हटलं. "त्यालाही कामाला लावते."

"लाव ना यार," नितेश मशीनसमोरून म्हणाला. तो तुकडा पक्का बसवत होता.

मी राखीव असलेला चौथा मोकळा केला आणि संगणक पुन्हा चालू केला. कटर फिरायला लागला, आणि स्क्रीन काळी पडली. कर्नल कोसळला होता. मशीनची घरघर थांबली, आणि त्या शांततेत मला विडीचा वास आला. ओल्या तंबाखूचा, अगदी जवळून, मानेमागून कोणी धूर सोडावा तसा.

"नितेश, तू विडी...?"

"मी? वेडी आहेस का, ताई?"

पुन्हा चालू केला. पुन्हा कोसळला. मी जिद्दीने कोसळतानाच्या नोंदी वाचत बसले. दोन्ही वेळा एकच सांगणं: चौथ्या प्रोसेसरवर आधीपासून एक काम चालू आहे, ते जागा सोडत नाही, म्हणून बाकी सगळे खोळंबलेत. कामाचं नाव कोरं.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्या चंद्रप्रकाशकाकांना मी फोन लावला.

"काका, तो चौथा प्रोसेसर तुम्ही वेगळा काढला होता?"

"मोकळा केलास?"

"हो."

"आत्ताच्या आत्ता परत ठेव, पोरी." मग एकदम हळू आवाजात, "मशीनसमोर... कोण उभं होतं?"

"माझा भाऊ. का?"

त्यांनी फोन ठेवला. नंतर कितीदा लावला, उचलला नाही.

मी चौथा पुन्हा होता तसा राखून ठेवला, आणि बाकीच्या तिघांत कटरच्या कामाला सगळ्यात वरचा मान दिला, जे खरं तर मी आधीच करायला हवं होतं. मशीन सुरू झालं, आणि काय सांगू, लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललं. एक झटका नाही. विडीचा वास गेला. नितेशने "झकास!" म्हणून टाळी वाजवली आणि मला हायसं वाटून चक्क रडू आलं.

डोळे पुसून मी स्क्रीनकडे पाहिलं. चौथा प्रोसेसर शून्यावर होता. पूर्ण रिकामा.

जे मघापर्यंत तिथे होतं, ते आता तिथे नव्हतं. मी जागा परत दिली होती, पण कोणी परत आलं नव्हतं.

"ताई..." नितेश स्टुलावर बसला होता. "घरी जाऊया... जरा गळल्यासारखं..." आणि तो थांबला. डोळे उघडे, ओठ उघडे. मग जणू काही झालंच नाही असं, "...वाटतंय," म्हणाला.

मी शटर ओढलं, मागे न बघता. रिक्षात त्याचा हात धरून बसले. हात शाबूत होता, बोटं पाचही. मनगटावर माझी बोटं गेली ती सहजच. एक ठोका, दुसरा, तिसरा... मग एक जागा रिकामी. पुन्हा तीन. पुन्हा रिकामी. नाहूरला घरी पोचेपर्यंत मी मोजत राहिले आणि देवाला म्हणत राहिले, एकदा तरी चुकू दे. ती जागा एकदाही चुकली नाही.

दार आईने उघडलं. नितेश आला की "इलस रे मेल्या?" म्हणून ओरडते ती रोज. त्या दिवशी तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मग, गावी कोणी मोठा पुरुष माणूस दारात आला की बायका करतात तसा, तिने घाईघाईने डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीला टेकून बाजूला झाली.

"येवा," माझी आई तिच्या मुलाला म्हणाली. "बसा."