टोपलीखालचं पीठ

आधी ते दार लोटून घ्या. आणि ऋतुजा, मोबाईल पालथा ठेव बरं. मी सांगत असताना मध्येच उजेड पडला की माझं डोकं फिरतं.

हे मी इकडून तिकडून ऐकलेलं नाही. जिच्यावर ही वेळ आली ती दिपाली, माझा मित्र येडू मास्तर, त्याची थोरली मुलगी. डी. फार्म केलंय, सांगोल्यात मेडिकलमध्ये कामाला आहे. गोळ्या मोजून देणारी, अंधश्रद्धेवर बापाशी वाद घालणारी पोर. मीही पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडली. असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तरीही सांगतोय.

तारीख तेवीस मे, साल दोन हजार तेवीस. वार मंगळवार. अमावस्या नव्हती की पौर्णिमा नव्हती. संध्याकाळी सातला दिपाली मेडिकलमधून निघाली ती समोरच्या कृषी सेवा केंद्रात गेली. तिथला सोमेश तिच्या ओळखीचा.

"सोमेशभाऊ, कातिणीवर औषध द्या."

कातीण म्हणजे कोळी. तुम्ही शहरातली पोरं कोळी म्हणता, तिकडं कातीण म्हणतात. सूत कातते म्हणून कातीण. एवढा शब्द ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

"डाळिंबावर लाल कोळी पडलाय का?" सोमेशनं विचारलं.

"बागेत न्हाय ओ, घरात. काळ्या हायत, पाठीवर पिवळा ठिपका. लई इखारी. करडू मेलं, आन् आमचे हे हात सुजून तीन दिस दवाखान्यात हुते."

सोमेशनं बाटली काढली, बॅटरीचा पंपही भाड्यानं दिला. मग म्हणाला, "घरात लेकरू हाय न्हवं? मग मारताना त्याला लांब ठिवा. दोन दिस आत आणू नका. एक थेंब जरी तोंडात गेला तर..."  दिपाली स्वतः औषधवाली. तिला पुढचं कळलं.

बाटली पिशवीच्या तळाशी घालून, वर भाजी ठेवून ती स्कूटीवर निघाली. लपवायचं कारण होतं. घरात कातिणी मारायला बंदी होती, आणि ती घातली होती सासऱ्यानं, बिरप्पानं.

आता हे कसं झालं ते ऐका. दिपालीची सासू गोजाबाई एप्रिलच्या एक तारखेला गेली. धनगराची बाई. आयुष्यभर मेंढरांमागं फिरली आणि बसली की हातात चाती. चाती म्हणजे लोकर कातायची फिरकी. गिर्र गिर्र आवाज चालू असायचा दिवसभर. दोरा पुरेसा झाला की कात्री वगैरे शोधायची नाही, दातानं तोडायची. कट्ट. घरातली शेरडंसुद्धा त्या आवाजाला सरावलेली होती.

सासू-सुनेचं एकदाच वाजलं. नातीच्या, उत्कर्षाच्या बारशाला गोजाबाईनं स्वतः कातलेल्या काळ्या लोकरीचा करदोडा आणला, कमरेला बांधायला. दिपालीनं बांधू दिला नाही. "आत्या, लोकर टोचती. लेकराची कातडी सोलंल." चारचौघींत म्हणाली. गोजाबाईनं करदोडा कनवटीला लावला आणि उठून शेरडांकडं गेली. पुढं साडेतीन महिन्यांत हृदयविकारानं गेली, आणि ते तसंच राहिलं. चाती तिच्याबरोबरच मातीत दिली.

तिकडं एक रीत आहे. माणूस गेलं की दहाव्या रात्री, जिथं प्राण गेला तिथं जमिनीवर पीठ पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा, वर टोपली झाकायची. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठात कशाची पावलं उमटलीत. पाखराची, मुंगीची, माणसाची. गेलेलं माणूस कुठल्या रूपात गेलं ते त्यावरून समजतं म्हणे.

त्या सकाळी भावकी जमली. टोपली उचलली. म्हातारा बिरप्पा पिठावर नाक टेकेल इतका वाकला. बारीक बारीक टिंबं होती, आठ-आठच्या ओळीनं.

"कातीण," म्हातारा म्हणाला. "कातीण झाली रं माझी गोजा. जल्मभर कातत हुती..." आणि रडायला लागला.

रडणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार? सगळ्यांनी माना हलवल्या. दिपालीनं तेवढा फोटो काढून ठेवला, माहेरी दाखवायला. त्या दिवसापासून घरात कातीण मारायची नाही. जळमट काढायचं नाही. झाडूसुद्धा वर लावायचा नाही.

घर माळवदाचं, दोन खोल्यांचं, तुळयांना भेगा पडलेल्या. दीड महिन्यात काय व्हायचं ते झालं. आधी कोपरे भरले, मग तुळया, मग देव्हारा. करडाला चावली तेव्हा म्हातारा म्हणाला, "कातीण मुतली असंल, गेरू लावा." गेरू लावला. करडू सकाळी ताठ. मग नवऱ्याला, सिद्धरामला चावली, हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा. तरी म्हाताऱ्याचं एकच, "गोजाला राग आलाय. कुणीतरी तिचं मन मोडलंय."

कुणी मोडलं होतं ते दिपालीला ठाऊक होतं. तिचा विश्वास नव्हता. पण रात्री झोळी हलवताना तिची नजर वर जायची, आणि वाटायचं, सासू आपल्यावर नाही, आपल्या लेकरावर राग काढणार. पाच महिन्यांचं लेकरू ते.

म्हणून हा मंगळवार. त्या दिवशी सिद्धराम बापाला घेऊन सोलापूरला गेला होता, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. दोघंही गुरुवारशिवाय येणार नव्हते. बुधवारी सकाळी सहाला लेकरू शेजारच्या चंद्रव्वाकडं द्यायचं आणि घर फवारून काढायचं, असा बेत.

साडेआठला ती वस्तीवर पोचली. चंद्रव्वा अक्कलकोटकडची, दिवसभर लेकरू तीच सांभाळायची. पिशवीतली बाटली तिनं बघितली आणि म्हणाली, "यव्वा, आज आत निजू नगं. माझ्याकडं ये."

"शेरडं कोण राखंल? आमी अंगणात निजतो की, मच्छरदाणी लावून."

जेवली. पंप भरून आत दाराशी ठेवला. अंगणात बाज टाकली. लेकराला कुशीत घेऊन दहाला आडवी झाली. इथपर्यंत सगळं ठीक.

साडेअकराला वारं सुटलं. मे महिन्यातलं वारं कसं असतं माहीत आहे ना? मच्छरदाणी उडाली. डोळ्यांत धूळ. शेरडांच्या शेडचा पत्रा सुटला आणि बाजेपासून दोन हातांवर येऊन आदळला. लेकरू दचकून रडायला लागलं. चंद्रव्वाचं घर चारशे पावलांवर, मध्ये मोकळं रान, आणि पत्रे उडतायत. दिपाली लेकराला छातीशी धरून आत पळाली. कडी लावली. तेवढ्यात लाईट गेली.

मोबाईलच्या उजेडात तिनं झोळी तीन वेळा झटकली. जमिनीवर ठेवण्यापेक्षा झोळी बरी. झोळी आतल्या भिंतीकडं, तुळईला बांधलेली. खाली बरोब्बर ती जागा, जिथं पीठ पसरलं होतं.

लेकरू झोपलं. दिपाली दाराजवळच्या लोखंडी कॉटवर पाय वर घेऊन बसली. झोपायचं नाही, असं ठरवलं होतं.

पण डोळा लागला.

जाग आली तेव्हा मोबाईलवर एक चाळीस झाले होते. बॅटरी चार टक्के. वारं थांबलेलं. शेरडं गप्प. इतकी गप्प की ती तिथं आहेत की नाहीत...

आणि आवाज आला.

गिर्र... गिर्र...

तो आवाज तिनं चार वर्षं रोज ऐकला होता.

तिनं टॉर्च लावली. आधी भिंत बघितली. भिंत हलत होती. म्हणजे भिंत नव्हे. भिंतीवर जे होतं ते. वरपासून खालपर्यंत काळं, आणि त्यात पिवळे ठिपके. सगळ्या एकाच दिशेनं चाललेल्या. झोळीकडं.

तुळईवरून झोळीच्या साडीवर उतरत होत्या. एकीमागं एक. जमीन तर दिसतच नव्हती.

दिपालीनं पंप उचलला. नळी धरली. बटणावर अंगठा गेला... आणि थांबला. झोळीवर मारलं तर झोळीत पडणार. एक थेंब जरी तोंडात गेला तर. न मारावं तर...

गिर्र... गिर्र...

आवाज झोळीखालून येत होता. उजेड तिथं टाकला. कुणी नव्हतं.

"आत्या?" तिच्या तोंडून निघालं.

आवाज थांबला.

सगळं थांबलं. भिंतसुद्धा.

तिनं पंपाची नळी खाली केली. ती रडत होती. कसंबसं म्हणाली, "आत्या... चुकले मी. चारचौघींत बोलले. तुमचा करदोडा बांधू दिला न्हाय. आता बांधा तुमी. तुमची नात हाय ती. बांधा... पर माझं लेकरू मला ऱ्हाऊ द्या."

टॉर्च विझली. बॅटरी संपली.

अंधार.

काही नाही...

मग पुन्हा. गिर्र. या वेळी जोरात. भरभर, घाईघाईनं, काम उरकायचं असल्यासारखं. आणि त्याच्यामागं बारीक सरसर, चारी भिंतींवरून, छतावरून, तिच्या कॉटच्या पायांवरून. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओढलं गेलं, जळमटासारखं. तिनं पाय पोटाशी ओढून घेतले. 

किती वेळ? तिला सांगता येत नाही.

मग...

कट्ट.

आणि झोळीत लेकरू हसलं. खुदकन. ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतात तसं.

त्यानंतर काही नाही. पहाट होईपर्यंत काहीच नाही.

झुंजूमुंजू झाल्यावर दिपाली कॉटवरून उतरली. पाय टेकवायला जमीन मोकळी होती. भिंती मोकळ्या. तुळया मोकळ्या. एक कातीण नाही, ना जिवंत ना मेलेली. दीड महिन्याची जळमटं, जी पोत्यानं निघाली असती, त्यांतला एक धागा कुठं नाही. देव्हाऱ्यातले देव धुतल्यासारखे स्वच्छ. पंप भरलेला तसाच होता.

झोळीत लेकरू जागं, पाय तोंडात घालून खेळत होतं. अंगावर ओरखडा नाही. कमरेला करदोडा.

काळ्या लोकरीचा नव्हता तो. राखी रंगाचा, बारीक, पीळदार. दिपालीनं बोट फिरवलं. मऊ होता, कापसापेक्षा मऊ. कुठंही टोचत नव्हता. तेव्हा ती खाली बसली आणि सासू मेली त्या दिवशी रडली नव्हती इतकी रडली.

गुरुवारी बाप-लेक आले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा. आठवड्यानं डॉक्टरांनी तो काढायला सांगितला, तशी त्याची पहिली मागणी, "गोजाचा फोटू दाव पोरी. लई दिसांनी नीट दिसाय लागलंय." दिपाली मोबाईलवर फोटो सरकवत होती. मध्ये तो पिठाचा आला.

"थांब," म्हातारा म्हणाला. "ह्यो मधला खड्डा कशाचा?"

पिठाच्या मधोमध एक बारीक गोल खळगा होता, कडेनं पीठ गोल फिरलेलं. त्या सकाळी म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता, आणि बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर माना हलवल्या होत्या. आठ-आठ टिंबांच्या ओळी खळग्याच्या दिशेनं आल्या होत्या खऱ्या. पण चार बोटांवर थांबून सगळ्या माघारी वळलेल्या.

बिरप्पानं मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला.

"चातीचं टोक टेकलंय," तो हळूच म्हणाला. "कातीण न्हवं गं. कातणारी हितं बसली हुती. राखणीला. आन् मी खुळ्यानं तिच्या घरात इख पाळलं."

एवढंच आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

फक्त एक राहिलं. दिपाली औषधवाली, तिला सगळ्याची नोंद ठेवायची सवय. त्या दिवशी तिनं करदोडा टेपनं मोजून लसीकरणाच्या कार्डावर लिहून ठेवला होता. एक्केचाळीस सेंटीमीटर. उत्कर्षा आता तिसऱ्या वर्षात आहे, धावते, शेरडांमागं ओरडते. करदोडा कुणी बदललेला नाही. आवळलेला नाही की सैल केलेला नाही. मागच्या महिन्यात मी वस्तीवर गेलो होतो, तेव्हा पुन्हा मोजला. टेपचं एक टोक माझ्याच हातात होतं.

एकोणपन्नास भरला. गाठ तीच. आणि गाठीपुढचं दोऱ्याचं टोक, आत्ताच कुणी दातानं तोडावं तसं, ओलं होतं.