आत दडवलेली गाठ

दात काढायला आलेला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही सारखाच भितो, हे धाकटीला पहिल्याच दिवशी कळलं. देश परका, भाषा परकी, पण खुर्चीचे हात घट्ट धरायची तऱ्हा तीच. चर्चमागच्या हॉलमध्ये मिशनचा दवाखाना भरायचा. एका बाजूला ताप-खोकल्याचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पडद्याआड दातांची एकुलती एक खुर्ची. हत्यारं उकळायला भलामोठा प्रेशर कुकर, कपाळाला बांधायची बॅटरी आणि थुंकायला निळी बादली, एवढा सगळा थाट. सकाळी पाळकसाहेब रांगेतल्या लोकांसाठी प्रार्थना करायचे. ज्याचा गाल जास्त सुजलेला, त्याचं ‘आमेन’ सगळ्यांत मोठं.

धाकटी सेवेला आली होती, हे खरं. पण नुसत्या सेवेला नव्हे. तीन वर्षांपूर्वी तिचा दादा याच खुर्चीमागे उभा राहून दात काढायचा. एका दुपारी नदीपलीकडच्या वस्तीला जाताना होडी उलटली. बाकीचे सापडले, दादा काही सापडला नाही. घरी आईनं त्याच्या नावाची प्रार्थनाच होऊ दिली नाही. नातेवाइकांनी दातांच्या कण्या केल्या, पण तिचं एकच, “कुणाला माती देऊ? रिकाम्या पेटीला?” धाकटी निघाली तेव्हा आईनं तिचं मनगट धरलं होतं. “आहे की नाही, तेवढं मला सांग. गेला असेल तर गेला म्हण, मी रडून घेईन. पण हे असं अधांतरी नको गं.”

पाळकसाहेबांनी तिला नदीवर नेलं. पाणी गढूळ होतं आणि त्याला ओढ होती. “खूप शोधलं, बेटा,” ते म्हणाले. “आमच्याकडून काही कमी पडलं नाही.” धाकटी काठावर बसून पोटभर रडली. काय ते तिला कळलं होतं. पण फोनवर ‘गेला’ हा शब्द काही तोंडातून निघेना. आज नको, उद्या सांगू, असं चाललं होतं.

अशात एक म्हातारी टाके काढून घ्यायला आली. धाकटीनं बॅटरी लावून आत पाहिलं आणि कात्री धरलेला हात तसाच थांबला.

हिरडीवर काळ्या रेशमी दोऱ्याचा टाका होता. कुठलाही डॉक्टर गाठीची टोकं बाहेर ठेवतो, म्हणजे पुढे काढायला सोपं जातं. इथे दोरा दोनदा गुंडाळून गाठ उलटी मारली होती आणि टोकं आत दडवली होती. आई बटण लावायची ते असंच. “शर्ट फाटेल, पण बटण जायचं नाही,” ही तिची फुशारकी. दादानं ते कॉलेजात नेलं, सरांची बोलणी खाल्ली, तरी सोडलं नाही. टोचत नाही ना पेशंटला, मग काढणाऱ्याच्या नाकी नऊ येईनात का, म्हणायचा.

“हे कुणी घातलेत?” तिनं विचारलं.

सिस्टरनं म्हातारीला तिच्या भाषेत विचारलं. इथली जुनी नर्स ती, पेशंटचं बोलणं तीच समजावून द्यायची. “डॉक्टरांनी, म्हणते.”

“दादाकडून इथे कुणी शिकलं होतं का?”

“छे. शिकणार कोण? तुम्ही येईपर्यंत खुर्चीवर चादर होती.”

म्हातारीची हिरडी नुकती भरत आलेली होती. आठवड्याभरापूर्वीची जखम. कुठल्यातरी दुसऱ्या गावचा डॉक्टर असेल आपला आडमुठा, धाकटीनं स्वतःला बजावलं. जगात बटणं काय एकट्या आपल्या आईलाच लावता येतात? तरी त्या दिवशी तिनं हात दोनदा धुतले.

पुढे एक ट्रकवाला आला. गाल टम्म सुजलेला. टाका तसाच, गाठ तशीच. जखम आदल्या दिवशीची. दाढ कुठे काढली म्हणून विचारलं, तर त्यानं धाकटीकडे असं पाहिलं, जणू तिचंच डोकं फिरलंय. बोटानं खुर्ची दाखवली.

“काल या खुर्चीपाशी मी होते,” धाकटी म्हणाली. “सकाळपासून संध्याकाळपर्यंत. हो ना, सिस्टर?”

“होतात की,” सिस्टर म्हणाली आणि कुकरचं झाकण विनाकारण पुसत बसली.

धाकटीनं ठरवून टाकलं. बस्स झालं. आपलं मनच वैरी झालंय, जिथे तिथे दादा शोधतंय. दुपारी जेवायच्या सुट्टीत आईला फोन करायचा आणि ‘गेला’ म्हणून मोकळं व्हायचं. आई रडेल, आपणही रडू, पण निदान सुटेल तरी बिचारी.

सुट्टीच्या आधीचा शेवटचा माणूस आत आला.

त्याचा खालचा ओठ लोंबत होता. हनुवटीवरून लाळ गळत होती, ती त्याला कळतही नव्हती. दातांत कापसाचा बोळा.

धाकटीनं बोळा काढला. रक्त अजून गोठलेलं नव्हतं. ओला काळा दोरा चमकत होता. टोकं आत दडवलेली.

तिनं ओठाला सुई लावून पाहिली. माणूस हलला नाही. बधिर करायचं इंजेक्शन दोनेक तासांत उतरतं.

“कधी काढली? विचारा ना, सिस्टर.”

माणूस जड जिभेनं काहीतरी बोलला. सिस्टर कुकरकडे वळली.

“अहो, काय म्हणाला?”

“म्हणाला, मघाशीच. इथेच.”

“आणखी?”

“डॉक्टर म्हणाले, आता बाहेर आमच्या दुसऱ्या डॉक्टर असतील. जाताना त्यांना दाखवून जा.”

धाकटीनं पडदा सर्रकन ओढला. पलीकडे रांग होती, बाकं होती. पाळकसाहेब कुणाचंतरी मूल खेळवत होते. अलीकडे खुर्ची, बादली, भिंत.

“दादा?” ती हलकेच म्हणाली. तिचं तिलाच भय वाटलं.

ती व्हरांड्यात गेली. आईला आता काय सांगायचं? आहे म्हणायचं? की नाही म्हणायचं? काही ठरायच्या आतच बोटांनी नंबर लावला होता.

आईनं लगेच उचलला.

“आई, ऐक. मला तुला सांगायचंय.”

“राहू दे गं.” आवाज जाडसर, शब्द बोबडे.

“आई? काय झालं तुला? असं का बोलतेयस?”

“काही नाही. दाढ ठणकत होती चार दिवस. काढली एकदाची. ओठ जड झालाय नुसता.”

“कुणाकडे गेली होतीस?”

“मी कुठे जातेय? दुपारची पडले होते पलंगावर.”

धाकटीनं व्हरांड्याचा खांब धरला. आई हसत होती. इतक्या वर्षांत ती असं हसलेली धाकटीला आठवत नव्हतं.

“ठेवते हं,” आई म्हणाली. “फार बोलू नकोस म्हणालाय. कापूस हलेल.”