दुपारी उघडणारं दार

डेर्लिस काबान्यास दारात उभा राहिला तेव्हा युलालिया बारेरो तेरेरे, म्हणजे गार पाण्यातला पानांचा काढा, बर्फाशिवाय पीत होती, म्हणजे तिचा मूड काय असेल ते ओळखावं. कालपासून अख्ख्या इताकुआ गावात वीज नव्हती, म्हणून बर्फही नव्हता. सबस्टेशनचा मोठा ट्रान्सफॉर्मर जळाला होता.

"बाई, मी झोपलो नव्हतो."

"मी अजून विचारलंच नाही. बस."

तो बसला नाही. टोपी या हातातून त्या हातात फिरत राहिली. काल पाळीवर ऑपरेटर तोच होता. सबस्टेशनच्या इंजिनियरच्या जबानीवरून राजधानीहून कंपनीचा वकील कागद घेऊन आला होता: तेल तापल्याचा इशारा पाहूनही डेर्लिसने लोड कमी केला नाही. संध्याकाळपर्यंत सही केली तर नुसती नोकरी जाणार. नाही केली तर खटला.

"इशारा वाजला?"

"भोंगा वाजला. पण दिवा लागला 'दार उघडे'चा. बॅटरीखोलीचं दार. राजधानीचे पाहुणे तपासणीला आले त्या दिवसापासून ते रोजच वाजतं. मी बटण दाबून भोंगा बंद केला."

"आणि दार?"

"पहिल्यांदा धावत गेलो होतो. घट्ट बंद, वर कुलूप. इंजिनियरसाहेब म्हणाले, बिजागरी सैल आहे, बटण दाब आणि विसर."

"रोज कधी वाजतं?"

"लोक जेवून आडवे होतात, पंखे लागतात, तेव्हा. उन्हं कलली की दिवा आपोआप विझतो. पाऊस झाला त्या दिवशी वाजलाच नाही."

क्रिस्पिन हा युलालियाचा दीर. तिची गाडी तोच चालवायचा आणि मतंही न मागता द्यायचा. "उन्हाने लाकूड फुगतं, वहिनी."

"दार लोखंडी आहे," डेर्लिस म्हणाला.

"मग लोखंड फुगतं."

"भावजी, गाडी काढा," युलालिया म्हणाली.

विमा कंपनीसाठी जळकी गोदामं तपासताना ती एक गोष्ट शिकली होती. आगीनंतर जो सगळ्यात आधी दुसऱ्याचं नाव घेतो, त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जायचं.

सबस्टेशनच्या खोलीत श्वास घेववत नव्हता. गावात वीज नसली तरी इशाऱ्यांचं पॅनेल बॅटरीवर जिवंत होतं: छोट्या चौकोनी पाट्यांच्या रांगा, प्रत्येक पाटीमागे एक दिवा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट कडेच्या रांगेवर पडत होतं. तिथल्या पाट्या पिवळ्या पडल्या होत्या, बाकीच्या पांढऱ्या.

"म्हाताऱ्याचं तोंड," क्रिस्पिन म्हणाला. "कडेला सगळे किडके, त्यात एकच दात नवा. आणि मधल्या चांगल्या दातांत एक किडका."

युलालियाने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग पॅनेलकडे. कडेचा नवा दात 'दार उघडे' होता. तिने नखाने एक पाटी ओढली. सहज बाहेर आली. तिने ती परत बसवली.

झाडलोट करणारी सुनिल्दा कमरेवर हात ठेवूनच बोलायला उभी राहिली. "मी वरून काच पुसते. पाट्यांना हात लावत नाही."

"राजधानीचे पाहुणे तपासणीला आले, तेव्हाही?"

"आदल्या दिवशी तर साहेबांनी मला लवकर घरी धाडलं. स्वतः पुसतो म्हणाले! मी आभाळाकडे बघितलं, गारा पडतात का म्हणून."

तंत्रज्ञ विर्हिलिओ आवारात तारा गुंडाळत होता. "ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या तारा कालच सोडवल्या. मढ्याला कशाला हव्यात?"

"गरम झाल्यावर तो स्वतः बंद का पडला नाही?"

"जुना माल, बाई. माझ्या सासूसारखा. नुसता ओरडतो, करायचं ते आपणच."

"बॅटऱ्यांची देखभाल तुमच्याकडेच?"

"होती. पाहुणे येण्याआधी साहेबांनी किल्ली काढून घेतली. धूळ जाते म्हणे! पाणी भरायचं राहिलंय, कोण ऐकतो?"

इंजिनियर ओविदिओ फ्रुतोस सगळ्यात शेवटी. इस्त्रीचा शर्ट, राजधानीत बदली आणि बढती जवळपास खिशात. शेजारी वकील कागदाने वारा घेत होता.

"यंत्राने सांगितलं, माणसाने ऐकलं नाही," फ्रुतोस म्हणाला. "पाहुण्यांनी भर दुपारी हेच पॅनेल पाहिलं. एका दाराचा दिवा, बस्स. हसले सगळे."

"हसले ना? मग आपणही बघू. बॅटरीखोलीची किल्ली द्या."

"धूळ..."

"द्या हो," वकील वैतागला. "राखेत उभे आहोत, धुळीचं काय घेऊन बसलात?"

किल्ली क्रिस्पिनच्या हातात गेली. तो मागे बॅटरीखोलीकडे गेला. सगळे उभे. डोळे पॅनेलवर.

भोंगा किंचाळला.

सवयीने डेर्लिसचा हात बटणाकडे गेला. युलालियाने त्याचं मनगट धरलं. "आधी वाच."

त्याने वाचलं. मधली पिवळी पाटी लुकलुकत होती: 'तेल तापले'.

"कुठलं तेल?" युलालियाने वकिलाला विचारलं. "ट्रान्सफॉर्मर मेला, तारा सुटल्या. उघडलं ते दार. पाट्यांची अदलाबदल झालीय. 'तेल तापले' वर्षानुवर्षं कडेला उन्हात पिवळी झाली, आता मध्ये बसलीय. मधली पांढरी 'दार उघडे' तिच्या जागी. पंखे लागले की उघडणारं आणि पावसात न उघडणारं दार मी तरी पाहिलं नाही. तापत होतं ते तेल."

"पुसताना चुकून..." फ्रुतोस म्हणाला.

"चूक करणाऱ्याला चूक माहीत नसते, साहेब. तुम्हाला माहीत होती. दार उघडलं तर भलतीच पाटी पेटणार, म्हणून तर किल्ली खिशात आली. तापतं तेल पाहुण्यांना दिसलं असतं, तर बढती गेली असती. आणि नंतर पाट्या पुन्हा बदलल्या असत्या, तर रोज दुपारी गावाचे पंखे बंद करून शिव्या खाव्या लागल्या असत्या, आणि त्याचं कारण राजधानीला लिहून कळवावं लागलं असतं. त्यापेक्षा बिजागरी सैल बरी."

फ्रुतोसने खिडकीकडे पाहिलं. तिथून ऊन थेट कडेच्या पांढऱ्या पाटीवर पडत होतं.

वकिलाने कागदाने वारा घेणं थांबवलं. खिशातून पेन काढून त्याने डेर्लिसच्या नावावर आडवी रेघ मारली. "दोन पाट्या बदलल्या, आता एक नाव बदलू. साहेब, तुमचं पूर्ण नाव?"

"वहिनी!" भोंग्याच्या वर आवाज चढवून क्रिस्पिन मागून ओरडला. "दार धरून हात भरून आला! सोडू का?"

"धरा!"

डेर्लिसने दोन्ही पाट्या काढल्या आणि आपापल्या जागी बसवल्या. मधली पांढरी पाटी आता लुकलुकत होती: 'दार उघडे'. बटणाला त्याने हात लावला नाही. टोपी डोक्यावर घालून तो मागे गेला, क्रिस्पिनला बाजूला केलं आणि दार लावलं.