शंभरदा विचारायचं

नवजात बाळांना ऊब देणारी काचेची पेटी आमची कंपनी बनवते. तिच्यातल्या तापमानाच्या सेन्सरशी बोलणारा प्रोग्राम माझा, आणि त्यातला गाढवपणाही माझाच. प्रोग्राम सेन्सरला विचारतो, ‘आकडा तयार?’ उत्तर येईपर्यंत विचारतच राहतो. वायर तुटली तर उत्तर येणारच नाही. पेटी तिथेच खोळंबून बसेल, अलार्म वाजणार नाही आणि आत बाळ गार पडत जाईल. टेस्टिंगवाल्या काकांनी हे वेळेत पकडलं म्हणून वाचलो.

“अगं, दार किती वेळा ठोठवायचं? घरात कोणी नाही हे कधी तरी कळायला नको?”

“शंभर वेळा. मग सरळ अलार्म.”

“शहाणी माझी बाई!”

मर्यादा घातली, डबे खाल्ले आणि चाचणीला बसलो. चार वाजता पेट्या इस्पितळात जाणार होत्या. काकांनी सेन्सर उपटून टेबलावर ठेवला. नव्व्याण्णव वेळा काहीच उत्तर नाही. शंभराव्यांदा पडद्यावर आकडा आला, ३६.८.

खोलीत एसी चोवीसवर होता.

“जुना आकडा अडकलाय कुठे तरी,” मी म्हटलं. मेमरी पुसली, मर्यादा दहावर आणली. दहाव्यांदा ३६.८. वैतागून वायर मुळापासून कापली आणि मर्यादा तीनवर आणली. तिसऱ्यांदा ३६.८.

“घरात कोणी तरी आहे बुवा!” काका खो खो हसले. मीही हसले, पण पोटात गोळा आला होता. तुटलेल्या वायरीवरही आकडा येत राहिला, तर ही पेटी कधीच ओरडणार नाही. असल्या पेटीत कोणाचं बाळ ठेवायचं?

शेवटी विचारणंच काढून टाकलं.

पडदा रिकामा.

मग ३६.८. न विचारता.

३६.१.

३५.२.

“उतरतोय की गं!” काका खुर्चीतून उठलेच. “चौतीसच्या खाली गेला की वाजायलाच हवा.”

३४.३.

३३.९.

अलार्म असा कोकलला, की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. माझ्या जिवात जीव आला. वाजली एकदाची!

“वाजली! दे टाळी!” काकांनी लहान मुलासारखा हात पुढे केला.

मी टाळी दिली. त्यांचा हात इतका गार होता, की मी माझा झटकन मागे घेतला. काका अजून हसतच होते.

“एसी जरा कमी करा रे कोणी तरी,” ते म्हणाले.

पडद्यावर ३१.४ आलं होतं.