माणकाळी आणि ताकाची चूळ

वाघझरीच्या खोऱ्यात उतरल्या उतरल्या जयवंत उपळेकरांनी पहिलं काम काय केलं, तर सरगरांच्या घरचं पाणी नाकारलं. स्वतःचं पाणी, स्वतःचे पेले, स्वतःचा चमचा आणि पितळेची एक पिकदाणी असा सगळा संसार ते पुण्याहून घेऊन आले होते. ते तो गाडीतून उतरवत असताना द्राक्षबागेचे मालक अण्णा सरगर नुसते बघत राहिले.

"सायेब ऱ्हायला आलाय का शिकारीला?" त्यांनी विचारलं.

उपळेकर हसले नाहीत. कामावर ते हसत नसत.

साल होतं २०८१. वाईन करायला तेव्हा द्राक्षं लागतच असं नव्हतं. कारखान्यातलं यंत्र हव्या त्या चवीचे रेणू एकेक करून जोडायचं आणि तासाभरात बाटली भरून द्यायचं. त्यामुळे मातीतून आलेल्या वाईनला मान मोठा आणि तिच्या नावावर लबाडीही तेवढीच मोठी. म्हणून कायदा झाला होता की द्राक्षाच्या नव्या जातीला यंत्राच्या दाखल्यावर एका माणसाचीही सही हवी. यंत्र घटक मोजतं, पण 'हे जेवणाशी जमतंय' म्हणायला जेवणारं तोंड लागतं. अशा माणसाला 'जिभेचा पंच' म्हणत. पंचानं मंजुरी दिली की ती जात देशभर लागायची. नामंजूर केली की तिचे वेल मुळासकट उपटून जाळायचे, काडीसुद्धा ठेवायची नाही.

उपळेकर तीस वर्षं पंच होते आणि स्वभावानं असे, की सख्ख्या भावानं पेढा दिला तरी आधी उलटून बघतील. या धंद्यात तो गुणच होता. आजवर त्यांना कुणी फसवलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते स्वतः सगळ्यांना सांगत असत.

वाघझरी म्हणजे जतच्याही पलीकडचं, पूर्वी ज्वारी-हुलग्याशिवाय काही न पिकणारं खोरं. तिथं वाईन होते हे पुण्यात कुणाला ठाऊकही नव्हतं. अण्णांकडे तीन जाती होत्या. पहिली सोनसळ, हिरवट पांढरी. अण्णांच्या बायकोनं, पारूबाईंनी, तिच्याबरोबर हुरडा आणि लसणाची चटणी ठेवली. हुरड्याचा गोडवा छान वर आला, चटणीनं मात्र वाईनला पार झोपवलं. उपळेकरांनी समाधानानं गुण कापले. दुसरी कवडी, फिकट गुलाबी. दही-धपाट्याशी बरी, मटणाच्या रश्शापुढे बापडी. तिचेही गुण कापले.

तिसरी माणकाळी. ही कुणी लावलेली नव्हती. बांधावरच्या बोरीखाली पाखरांनी टाकलेल्या बियांतून आपसूक उगवली होती. शाईसारखी काळी, तुरट. तिच्याबरोबर आले शेंगोळे, म्हणजे हुलग्याच्या पिठाची वळलेली कडबोळी, लसणाच्या पाण्यात शिजवलेली.

उपळेकरांनी घोट तोंडात घेतला, गालांतून, जिभेखालून फिरवला, मनात वीस आकडे मोजले आणि पिकदाणीत थुंकला. मग एक शेंगोळा खाल्ला. पेन हातात धरून ते तसेच बसून राहिले, कारण कापायला काही सापडेना.

"सायेब, ती घोळवू नगा," पारूबाई म्हणाल्या. "आमच्यात ती तोंडात धरत न्हाईत. एका घोटात गिळायची अन् वर ताकानं चूळ भरायची." त्यांनी ताकाचा तांब्याही पुढे सरकवला.

"का?"

"रीत हाय. माझी सासू सांगायची."

उपळेकरांनी मनात म्हटलं, वा रे रीत. पंचाला गिळायला लावून आधी झिंगवायचं आणि वर ताकानं जीभ बोथट करायची, म्हणजे दोष सापडायलाच नको. त्यांनी तांब्या परत सरकवला.

"मी थुंकतो. गिळत नाही," ते म्हणाले.

"तेच सांगतीय की. थुकू नगा, गिळा."

आता तर त्यांची खात्रीच पटली.

पुढचे दहा दिवस त्यांनी माणकाळीला कोंडीत पकडायचा प्रयत्न केला. अंबाडीच्या भाजीबरोबर घेतली, कारल्याबरोबर घेतली, साध्या पिठल्याबरोबर घेतली. दिवसाला चाळीस घोट, प्रत्येक घोट वीस आकडे. ती सगळ्यांशी जमली. जगात अशी वाईन नसते. कुठे ना कुठे खटका उडतोच. उपळेकरांनी उभ्या आयुष्यात असं एकच लग्न पाहिलं होतं ज्यात दोन्हीकडचे सगळे खूश होते, आणि त्यातला नवरामुलगा आधीच लग्न झालेला निघाला होता. पारूबाई रोज ताक आणून ठेवायच्या आणि रोज तसंच उचलून न्यायच्या.

अकराव्या दिवशी त्यांनी घरून आणलेला डबा उघडला. कुंदाताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या हातचं मेतकूट आणि लिंबाचं गोड लोणचं. घास तोंडात घातला तर खडू खाल्ल्यासारखं लागलं. त्यांनी पुन्हा पुन्हा चाखून पाहिलं. मग डबा पुसला, बंद केला आणि त्याला कुलूप घातलं. आपल्या डब्यात कुणीतरी काहीतरी मिसळतंय, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

दुसऱ्या दिवशी डबा आणि माणकाळीची बाटली घेऊन ते मिरजेला डॉ. फरीदा मुजावरांकडे गेले. चवीच्या पेशींवर काम करणाऱ्या या बाई स्वतः दारूच्या थेंबाला शिवत नसत, म्हणून तेवढ्यापुरता उपळेकरांचा त्यांच्यावर विश्वास होता.

फरीदाबाईंनी तीन दिवस घेतले.

"डब्यात काही नाही," त्या म्हणाल्या. "मेतकूट उत्तम आहे. मी दोन चमचे खाल्लंसुद्धा."

"मग बाटलीत काय मिसळलंय?"

"मिसळलेलं काहीच नाही. जे आहे ते सालीतलं आहे, तिथंच तयार झालेलं. यंत्राला ते साधं प्रथिन वाटलं, विषारी नाही म्हणून पास केलं. सर, जिभेवरच्या चवीच्या पेशी दहा-बारा दिवसांत मरतात. त्यांच्याखाली आईपेशी असतात, त्या नव्या पेशी जन्माला घालतात. हे प्रथिन त्या आईपेशींना जाऊन चिकटतं. मग पुढे जन्मणारी प्रत्येक पेशी ते प्रथिन हजर असेल तरच उघडते, नाहीतर बंद. मी त्याला 'चवकुलूप' म्हणते. किल्ली माणकाळीत."

उपळेकरांना पहिल्यांदा बरं वाटलं. संशय खरा ठरला होता. "म्हणजे ते गाव सगळं कुलूपबंद? स्वतः पितात, दुसऱ्यांना पाजतात!"

"त्यांच्या तिघा-चौघांच्या जिभा तपासल्या मी. ठणठणीत आहेत. पोटात गेलं की हे प्रथिन पचून जातं. तोंडात किती वेळ राहतं, त्यावर सगळं आहे. पंधरा-वीस आकडे राहिलं, तर एक घोटही पुरतो. आणि ताकातलं दूध-प्रथिन त्याला धरून धुऊन काढतं." त्या थांबल्या. "तुम्ही घोट किती वेळ घोळवता, सर?"

उपळेकरांनी मनात वीस आकडे मोजून पाहिले. हिशेब त्यांना येत होता.

"उतरेल ना हे?"

"पेशी मरतात सर, आईपेशी मरत नाहीत. खोटं कशाला सांगू? मला वाटत नाही."

पुण्याला परतण्याआधी त्यांनी गाडी वाघझरीकडे वळवली. पारूबाई अंगणात हुलगे पाखडत होत्या.

"मला सांगितलं का नाही?" उपळेकर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच कामावर त्यांचा आवाज चढला होता.

पारूबाई सूप खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "सांगितलं की, सायेब. रोज सांगितलं. ताकबी ठेवलं."

पुण्याला पोचल्यावर मंजुरीचा कागद त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला. दुपारचा एक वाजला होता. खरं काय लिहायचं ते त्यांना पाठ होतं. नामंजूर. मग माणकाळी जळणार, एक काडीही उरणार नाही, आणि इथून मरेपर्यंत खडू खायचा. मंजूर लिहावं, तर ती देशभर जाणार. शहरातले लोक वाईन गिळत नाहीत. उंच पेल्यात फिरवतात, तोंडात घोळवतात. ते त्यांना शिकवलं कुणी, तर उपळेकरांसारख्यांनीच.

कुंदाताईंनी पान वाढलं. चिंचगुळाची आमटी, भात, वर तूप. ही आमटी ते छत्तीस वर्षं जेवत होते. त्यांनी भुरका मारला. गरम पाणी.

"कशी झालीय?" कुंदाताईंनी विचारलं. त्या रोज विचारायच्या.

ते उठले, बाटली आणली, चमचाभर माणकाळी जिभेवर घेतली आणि पुन्हा भुरका मारला. चिंच आली, मागून गूळ, मग कढीपत्ता, अगदी शेवटी गोडा मसाला. सगळी आमटी जागच्या जागी होती. उपळेकरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांना लपवता आलं नाही.

"अहो, काय झालं? तिखट झाली का?"

"नाही गं. छान झालीय."

त्यांनी पेन उचललं. 'मंजूर' लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'घोळवू नये. एका घोटात गिळावी. वर ताकाची चूळ भरावी.' म्हणजे सांगायचं ते सांगून झालं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण सवयीनं त्यांना लगेच त्या समजावणाऱ्याचाच संशय आला. हा निकाल डोक्यानं दिला की जिभेनं? आणि असा शेरा वाचून कोण ऐकतं? त्यांनी स्वतः दहा-अकरा दिवस रोज ऐकला होता. त्यांनी सही केली.

"एवढी कसली वाईन आणलीत, डोळ्यांत पाणी येण्यासारखी?" कुंदाताईंनी बाटली ओढून पेल्यात थोडी ओतली. "बघू तरी."

त्यांनी घोट घेतला, आणि लग्नानंतर नवऱ्यानं हौसेनं शिकवलं होतं अगदी तस्सा, गालांतून जिभेखाली फिरवू लागल्या. फ्रीजमध्ये ताक होतं. उपळेकर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. या टेबलावर इथून पुढे एकानं चवीनं जेवायचं आणि दुसऱ्यानं चमच्याचमच्यानं किल्ली लावायची, हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मनातले आकडे बारा झाले. तेरा.

कुंदाताईंनी भुवया उंचावून, भरल्या तोंडानं खुणेनंच विचारलं, गिळू का?

"घाई करू नकोस," उपळेकर म्हणाले.