वरवंट्यावरचा वळ

लातूरला माझं लहान मुलांच्या सामानाचं दुकान आहे. मला स्वतःला मूल नाही. तान्हं बाळ कधी उचललेलंही नाही, भीती वाटते. त्यामुळे माल घेताना मी भाव आणि रंग एवढंच पाहतो.

दसऱ्याआधी घडीच्या पाळण्यांचे सहा नग आणले. प्रवासात नेता येतो, बॅगेत मावतो, चारी बाजूंना पांढरी जाळी. आठवड्यात सगळे खपले. मग कंपनीची मेल आली: वरच्या दांडीचा मधला खटका निसटतो, दांडी खाली झुकते आणि त्या खाचेत बाळाची मान अडकू शकते. पाळणे ताबडतोब परत मागवा.

गिऱ्हाइकांचे नंबर माझ्याकडे होते. पण सणाची झुंबड होती. उद्या करू, उद्या करू म्हणत मी नऊ दिवस घालवले. ह्याला काही सबब नाही.

पाच पाळणे लातुरातच परत आले. पाचही बाळं धडधाकट. सहावा देवणीला गेला होता आणि तिथला फोन लागत नव्हता, म्हणून गाडी काढली.

घरधनी बजरंग शेतावर होता. त्याची बायको पुनम बाळाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. मी खटक्याचं सांगू लागलो.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "परवा बारसं झालं. पयलं वरवंट्याला निजवत असतेत की. कुंची घालून निजवला, अन् लेकराला उचलाया वळले, तर दांडी खाली. गळा आवळला."

"कुणाचा?"

"वरवंट्याचा. दुसऱ्या कुणाचा असंल?"

दगडाला गळा नसतो, हे मी बोललो नाही. मांडीवरच्या बाळाने जांभई दिली. त्याच्या मानेकडे मला बघवेना.

पाळणा मिटून डिक्कीत ठेवला. पुनमने कुंचीतला वरवंटा आणून माझ्या हातात दिला.

"पाळणा रिकामा देत नसतेत, काका. कंपनीनं नेला की ह्याला आणून द्या. अन् डिक्कीत नका टाकू. शिटावर निजवा."

मी निजवला. बेल्टही लावला. ब्रेक दाबल्यावर पाच किलोचा दगड काचेवर जाईल, असं स्वतःला सांगितलं.

दुकानात येऊन कुंची सोडली. राखी रंगाचा जुना दगड, लसणाचा वास येणारा. निमुळत्या टोकाखाली दोन बोटं रुंद जांभळा पट्टा होता आणि त्यात जाळीची बारीक नक्षी उमटली होती. रंग लागला असेल म्हणून थिनरने पुसला. निघाला नाही. मग आठवलं, जाळी पांढरी होती.

तिसऱ्या दिवशी पट्ट्याच्या कडा हिरव्या झाल्या. मी दगड बाहेर उन्हात नेऊन पाहिला. हिरव्याच होत्या.

माझी पुतणी मालविका नांदेडला लहान मुलांची डॉक्टर आहे. तिला फोन केला. दगडाचं नाव काढलं नाही, नुसता मानेवरचा वळ आणि त्याचे रंग सांगितले.

"मार पाच-सहा दिवसांचा आहे," ती म्हणाली. "हिरवं पडतंय म्हणजे भरून येतंय. पण मानेवर? काका, बाळ कुणाचं आहे?"

मी फोन ठेवला.

मेल आली त्याच दिवशी कळवलं असतं, तर ह्याच्या मानेवर वळ उठला नसता. ह्याच्या म्हणजे कुणाच्या, ते मला ठरवता येईना. लाज मात्र खरी होती.

पट्टा पिवळा झाला.

मग फिकट.

दहाव्या दिवशी दगड स्वच्छ होता. पाळणा आदल्या दिवशीच कंपनीच्या गाडीतून गेला होता. मी देवणीला निघालो.

पुनम दारातच उभी होती. आत बाळ साडीच्या झोळीत निजलं होतं. मी कुंची पुढे केली. तिने हात पसरले, पण घेईना. माझ्या हातांकडे बघत राहिली.

"काका, लेकरू धराया कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी खाली पाहिलं. उजवा हात कुंचीखाली होता. डाव्या हाताने मी त्याची मान सावरून धरली होती.