गोठ्याची नाचणी

"पाव किलो नाचणी द्या," आयव्ही सवयीने म्हणून गेली... आणि तिने जीभ चावली. यंदा नाचणी हवी होती कशाला?

"भाकरीला की आंबिलीला?" दुकानदाराने पुडी बांधत विचारलं.

"गोठ्याला."

"अरे वा! गाय आहे की म्हैस?" मागून कुणीतरी उत्साहाने म्हणालं.

वळून पाहिलं, तर शर्टभर रंगाचे डाग पडलेला एक उंच तरुण. अंधेरीच्या गावठाणात म्हैस! आयव्हीला हसू फुटलं. एप्रिलमध्ये मम्मी गेल्यापासून पहिल्यांदाच.

"येशूचा गोठा हो! नाताळच्या बारा दिवस आधी ताटात नाचणी पेरायची. तेच गोठ्यातलं गवत..." ती थांबली. "पण राहू दे. मूर्ती भावाने मेलबर्नला नेल्यात, त्याच्या मुलांसाठी."

पुडी तिथेच ठेवून ती निघून गेली.

तो भीमराज. मूळचा हिंगोलीचा, स्टुडिओत सेट रंगवणारा, तिच्याच गल्लीत भाड्याने राहणारा. एवढं दुसऱ्या दिवशी मेट्रोच्या जिन्यावर कळलं. मग तो रोजच तिथे भेटू लागला. योगायोगाचीसुद्धा वेळ ठरलेली असते म्हणायची!

संध्याकाळी मात्र आयव्ही कुलूप उघडायची आणि घर गप्प. शेजारच्या खिडक्यांत कागदी तारे लागले, तळणीचे वास सुटले. भाऊ लॉईडला ती फोनवर "मजेत आहे रे" म्हणायची आणि मग दिवा न लावताच बसून राहायची. फार एकटं वाटायचं तिला.

"वाचलं मी," एकदा भीमराज म्हणाला. "पहिला गोठा आठशे वर्षांपूर्वी मांडला. इटलीत, संत फ्रान्सिसने, डोंगरातल्या गुहेत. गव्हाणीत गवत, एक खरा बैल, एक खरं गाढव... बस्स! मूर्तींचं नावच नाही. मग तुझं का अडलंय?"

"मांडायला माणसं लागतात ना," ती म्हणाली आणि भराभर जिना उतरली.

चोवीस तारखेला संध्याकाळी दार वाजलं. दारात भीमराज. हातात स्टीलचं ताट, त्यात चार बोटं उंच, हिरवीगार नाचणी.

आयव्ही बघतच राहिली. ही काही आयत्या वेळी बाजारात मिळत नाही. पेरावी लागते, रोज पाणी शिंपडावं लागतं. तिने बोटांवर दिवस मोजले. बारा. म्हणजे दुकानातला तोच दिवस!

"तू... तेव्हाच पेरलीस?"

"तू ठेवलेली पुडी मीच घेतली. आईला फोन केला, ती म्हणाली रात्रभर भिजव. रोज पाणी घालताना..." तो अडखळला. "रोज तुझाच विचार यायचा गं. आवडतेस तू मला."

तिचे डोळे भरून आले. आपण इथे अंधारात बसलो होतो, आणि चार घरं सोडून कुणीतरी रोज आपल्यासाठी ताटात पाणी शिंपडत होतं.

"गवत तर आलं," ती डोळे पुसत म्हणाली. "बैल? गाढव?"

"बैल नाही मिळाला," भीमराज गंभीरपणे म्हणाला. "गाढव दारात उभं आहे... आत घेतेस?"

"पाय पुसून ये," आयव्ही म्हणाली, आणि तिने घरातले सगळे दिवे लावले.